हायब्रीड मालगाडी इंजिनांचं रुळालगत जलद चार्जिंग: सोलापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होटगी, टिकेकरवाडी, बाळे, पाकणी या बाजूचे साइडिंगवाले (कारखान्यात-डेपोत जाणारा बाजूचा रूळ सांभाळणारे), शंटिंगवर (डबे जोडणं, तोडणं, हलवणं) असणारे लोको पायलट आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हिशेबांतले आकडे नियोजनापुरते आहेत. तुमच्या साइडिंगचा चढ, लांबी आणि रेकचं (डब्यांच्या पूर्ण रांगेचं) वजन घालून ते पुन्हा काढा.

१. हायब्रीड इंजिन म्हणजे डिझेल आणि वीज दोन्हीवर चालणारं इंजिन का?

नाही, त्याला ड्युअल मोड म्हणतात. हायब्रीडमध्ये ऊर्जेचा एक स्रोत साठवणारा, म्हणजे बॅटरी, असावा लागतो. दुसरा स्रोत डिझेल असेल किंवा वरची वायर. पश्चिम मध्य रेल्वेने २०२० मध्ये जबलपूरला तयार केलेलं 'नवदूत' हे शंटिंग इंजिन वायर आणि बॅटरी अशा जोडीचं आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये वॅबटेकचं २.४ मेगावॉट-तासाचं बॅटरी इंजिन डिझेल इंजिनांच्या जोडीला लावून कॅलिफोर्नियात बार्स्टो ते स्टॉकटन चालवलं, तेव्हा सगळ्या जोडणीच्या इंधनात सरासरी ११ टक्के बचत झाली. तिथे बॅटरी यार्डात भरून निघायची आणि वाटेत ब्रेक लावताना पुन्हा भरत जायची. मालधक्क्यावरच्या शंटिंगमध्ये ही दुसरी सोय जवळपास नसते. का, ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. सोलापूर विभागात सगळीकडे वर वायर आहे. मग रुळालगत चार्जर कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तो रास्तही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड ते लातूर रोड हा टप्पा झाला आणि मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेजचं विद्युतीकरण पूर्ण झालं. म्हणजे मुख्य मार्गावर सर्वांत मोठा चार्जर आधीच डोक्यावर टांगलेला आहे. वायर-बॅटरी इंजिन होटगीच्या यार्डात पँटोग्राफ (वायरमधून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) लावून उभं राहिलं तरी भरतं. तिथे वेगळा चार्जर बसवणं म्हणजे विहिरीच्या काठावर टँकर मागवणं.

अडचण वायर संपते तिथून सुरू होते. जेसीबीने किंवा क्रेनने माल काढायच्या रुळावर जिवंत २५ केव्ही (२५ हजार व्होल्ट) चालत नाही. तिथे वायर एकतर नसते, नाहीतर आयसोलेटरने (वीज तोडणाऱ्या स्विचने) बंद करून अर्थ केलेली असते. वॅगन टिप्लरवर (डबा उलटा करून माल ओतणाऱ्या यंत्रावर) वायर टाकताच येत नाही. तेलाच्या डेपोत ती मुद्दाम अलीकडे थांबवतात. हा बिनवायरचा तुकडा किती लांब आहे आणि इंजिन त्यात किती वेळ अडकून राहतं, या दोन गोष्टींवर सगळा निर्णय ठरतो. तुकडा अर्ध्या किलोमीटरचा असेल आणि इंजिन वीस मिनिटांत परत वायरखाली येणार असेल, तर चार्जरचा विचार सोडा. तुकडा तीन किलोमीटरचा असेल आणि इंजिन रेक रिकामा होईपर्यंत आतच थांबत असेल, तर पुढचं वाचा.

डिझेल-बॅटरी इंजिनाला पँटोग्राफ नसतो, त्यामुळे त्याला वायरचा काहीच उपयोग नाही. त्याला चार्जर लागतो, नाहीतर स्वतःच्या डिझेलवर भरावं लागतं (प्रश्न १५).

३. बॅटरी किती मोठी लागते?

कोळशाचा ५८ डब्यांचा बॉक्सएनएचएल (उघड्या मालडब्यांचा एक प्रकार) रेक भरलेला असताना साधारण ५,३०० टन भरतो. रांगत्या वेगात सपाट रुळावर त्याला दर टनाला सुमारे २० न्यूटन ओढ लागते, म्हणजे १०६ किलोन्यूटन. स्टेशन यार्डात ४०० ला १ हा चढ ही कमाल मर्यादा मानली जाते. एवढाच चढ साइडिंगवर असेल तर आणखी १३० किलोन्यूटन मिळवा. एकूण २३६ किलोन्यूटन, म्हणजे चाकाशी दर किलोमीटरला ६५ युनिट (किलोवॉट-तास). मोटर आणि कन्व्हर्टरचा तोटा धरला की बॅटरीतून ७५ ते ८० युनिट जातात. रेकला १५ किमी वेगापर्यंत न्यायला आणखी १५ युनिट.

म्हणजे तीन किलोमीटर आत ओढायला साधारण २५० युनिट, आणि रिकामा रेक बाहेर काढायला ६०. पाळीत असे दोन रेक आणि कंप्रेसर, ब्लोअर, कॅबचा एसी मिळून सरासरी २० किलोवॉट धरले, तर आठ तासांत ७८० युनिट. बॅटरी २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान वापरायची असते, म्हणून नावावरची क्षमता ११०० ते १२०० युनिट हवी.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, चढ न मोजता सपाट रुळाचा हिशेब करणं. चढ धरला की खर्च दुपटीहून जास्त होतो, हे वरच्या आकड्यांत दिसतंच. दुसरी, ब्रेकिंगमधून वीज परत मिळेल असं गृहीत धरणं. १५ किमी वेगाच्या पूर्ण रेकमध्ये जेमतेम १३ युनिट गतिज ऊर्जा असते, आणि डब्यांचे ब्रेक हवेचे. डब्यांच्या चाकांवर जेवढा ब्रेक लागला तेवढी ऊर्जा ब्रेक ब्लॉकात जळाली. हिशेबात ही परतफेड शून्य धरा, मिळाली तर वरकड समजा.

४. 'जलद' म्हणजे किती जलद?

बॅटरीच्या क्षमतेच्या तुलनेत सांगायचं तर साधारण तासा-सव्वा तासात पूर्ण भरेल एवढा किंवा त्याहून जास्त दर. १२०० युनिटच्या बॅटरीला १ मेगावॉटने अर्धा तास दिला तर ५०० युनिट येतात. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलना हा दर झेपतो. लिथियम टायटनेट सेल याच्या तिप्पट-चौपट वेग सोसतात, पण तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी साठवतात आणि महाग पडतात. मालगाडीच्या इंजिनाला पकडीसाठी वजन हवंच असतं, त्यामुळे वजनाची तक्रार इथे तितकीशी लागू नाही.

८० टक्क्यांनंतर वेग पडतो, कारण सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकतो आणि करंट कमी करावा लागतो. शेवटच्या २० टक्क्यांसाठी इंजिन अडकवून ठेवण्यात फायदा नाही. अपवाद एकच, तो प्रश्न १३ मध्ये आहे.

५. जोडणी कशाने करावी: वायर, वरची पट्टी, केबल की खालचा रूळ?

१ मेगावॉट २५ केव्हीवर घेतला तर करंट फक्त ४० अँपिअर. १५०० व्होल्ट डीसीवर तो ६६७ होतो, ७५० व्होल्टवर १३३३. व्होल्टेज उतरला की तांबं, उष्णता आणि देखभाल तिन्ही वाढतात. म्हणून पँटोग्राफवालं इंजिन असेल आणि साइडिंगच्या तोंडाशी शंभर-दीडशे मीटर वायर वाढवता येत असेल, तर तोच पहिला पर्याय.

केबल हा साइडिंगसाठी सर्वांत सुटसुटीत मार्ग. गाड्यांना वापरतात त्या सीसीएस-२ ची द्रवाने थंड केलेली गन ५०० अँपिअरपर्यंत जाते. ९०० व्होल्टच्या बॅटरीला दोन गन लावल्या की ९०० किलोवॉट मिळतात, पण इंजिनात दोन वेगळी इनलेट आणि त्यांचे वेगळे कॉन्टॅक्टर (मोठ्या करंटचे स्विच) हवेत. जड ट्रकसाठी आलेली एमसीएस ही जोडणी १२५० व्होल्ट आणि ३००० अँपिअरपर्यंतची आहे. एकाच गनने काम होतं.

डोक्यावरच्या आखूड डीसी पट्टीला छोटा पँटोग्राफ टेकवणं हा मधला मार्ग. माणसाला केबल ओढावी लागत नाही. मात्र पट्टी क्रेनच्या फिरण्याच्या टप्प्याबाहेर हवी आणि जवळ २५ केव्हीची वायर असेल, तर दोन्हींतलं अंतर व पँटोग्राफची कमाल उंची आधी तपासावी लागते. चुकीचा पँटोग्राफ चुकीच्या वायरला लागू नये, याची सोय उंचीतूनच करावी. पाटी लावून ती होत नाही.

लंडनमध्ये वेस्ट ईलिंगला रुळांच्या मधोमध बसवलेल्या पट्ट्यांतून बॅटरी गाडी साडेतीन मिनिटांत भरण्याची चाचणी झाली आहे. गाडी वर असतानाच त्या पट्ट्या जिवंत होतात. प्रवासी गाडीला हे शोभतं. आपल्या मालधक्क्यावर हमाल रूळ ओलांडतात, रुळांत कोळसा सांडतो, पावसात पाणी साचतं. तिथे हा पर्याय आम्ही सुचवणार नाही.

६. पँटोग्राफ लावून उभ्या इंजिनाने हवा तेवढा करंट घ्यावा का?

नको. चालत्या गाडीत घासण्याची जागा सतत बदलते, उभ्या गाडीत एकाच बिंदूवर वायर तापते, मऊ पडते आणि ताणाने तुटू शकते. युरोपच्या मानकांत २५ केव्हीवर उभ्या गाडीला एका पँटोग्राफमागे ८० अँपिअरची मर्यादा आहे, म्हणजे २ मेगावॉट. प्रश्न ३ मधल्या बॅटरीला एवढं भरपूर झालं. मर्यादा इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्येच घालून घ्या, आणि एसी व कंप्रेसरचा करंटही त्यातच मोजा.

७. सोलापूरच्या उन्हात जलद चार्जिंग होईल का?

होईल, पण चिलर असेल तरच. १.२ मेगावॉटने भरताना बॅटरीत चार टक्के तोटा धरला तरी ४८ किलोवॉट उष्णता तयार होते. फॉस्फेट सेल १५ ते ३५ अंशांत खूश असतात, ४५ च्या पुढे बॅटरीची नियंत्रण यंत्रणा करंट कापायला लागते. मे महिन्यात बाहेरच ४३ अंश असतात. नुसता रेडिएटर आणि पंखा कितीही मोठा लावला तरी पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड होणार नाही, हा निसर्गनियम आहे. कंप्रेसरवाला चिलर हवा, आणि या उष्णतेसाठी तो २० ते २५ किलोवॉट वीज खाईल. ही वीज चार्जिंगच्या हिशेबात धरा.

खरेदी करताना '४० अंशाला पूर्ण क्षमता' एवढं वाचून सही करू नका. उन्हात तापलेल्या इंजिनाच्या छतावर, चिलरच्या तोंडाशी, हवा सावलीतल्या तापमानापेक्षा बरीच गरम असते. ५० अंशाला किती क्षमता उरते ते लेखी मागा. आमच्याकडचा मे कुठल्याच कॅटलॉगात नसतो. चार्जरच्या कपाटावर दुहेरी पत्रा आणि शेड एवढा साधा उपायही उपयोगी पडतो. जमेल तिथे मोठं चार्जिंग पहाटे उरका. बॅटरी रात्रभर निवलेली असते.

८. सिमेंट आणि कोळशाच्या धुळीने काय बिघडतं?

दोन्ही धुळी वेगळ्या वागतात. कोळशाची धूळ ओली झाली की गळतीचा करंट वाढवते, आणि इन्सुलेशनचा अलार्म पहाटे दवात वाजतो. सिमेंटची धूळ दव पडलं की जमते आणि दगड होते. इन्सुलेटरवर तिचा थर बसला की पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही. गनच्या पिनांवर बसला तर संपर्काचा रोध वाढतो. १३०० अँपिअरला ०.१ मिलिओहम रोध असेल तर सांध्यात १७० वॉट उष्णता. तोच रोध १ मिलिओहम झाला तर १७०० वॉट, म्हणजे पिनेजवळ चक्क शेगडी पेटली.

उपाय: सिलिकॉनचे कंपोझिट इन्सुलेटर, स्प्रिंगने आपोआप मिटणारं इनलेटचं झाकण आणि गनला टोपी. सिमेंट साइडिंगवर दर पाळीला कोरड्या हवेने फुंकर मारा. आधी पाणी मारू नका. हवा फिल्टरमधून आलेली आणि तेलविरहित हवी. चिलरच्या कॉइलच्या जाळ्या आठवड्याला काढून साफ करा. उन्हाळ्यात 'चार्जर मंद झाला' अशी तक्रार आली की आधी तीच जाळी बघा.

९. महावितरणचं कनेक्शन किती केव्हीएचं घ्यावं?

१ मेगावॉटचा चार्जर थेट जोडला तर तोटा आणि पॉवर फॅक्टर धरून सुमारे ११०० केव्हीए मागणी नोंदली जाईल, आणि चार्जर दिवसातून दोनच तास चालला तरी मागणी आकार पूर्ण महिन्याचा भरावा लागेल. इथेच बरेच प्रकल्प कागदावर बसत नाहीत.

पर्याय म्हणजे रुळालगत स्थिर बॅटरी ठेवणं. दर चार तासांनी ५०० युनिट द्यायचे असतील, तर दहा टक्के तोटा धरून सरासरी १४० किलोवॉट लागतात. चिलर वगैरे धरून १७५ ते २०० केव्हीएत काम भागतं. ही बॅटरी ७०० ते ८०० युनिटची घ्या. नेमकी ५०० ची घेतली तर ती रोज तळ गाठेल आणि लवकर म्हातारी होईल. कारखान्याकडे आधीच उच्चदाब कनेक्शन असेल, तर गेल्या बारा महिन्यांची नोंदलेली कमाल मागणी बघा. बऱ्याचदा शिल्लक तिथेच सापडते. वेळेनुसार दर बदलत असल्याने स्थिर बॅटरी स्वस्त तासांत भरून ठेवता येते.

१०. स्टेशनच्या ऑक्झिलरी ट्रान्सफॉर्मरवरून घेता येईल का?

नाही. ते २५ केव्हीवरून २४० व्होल्ट देणारे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, जास्तीत जास्त काही दहा केव्हीएचे, आणि सिग्नल व फाटकांसाठी राखलेले.

११. केबल लावण्याची आणि काढण्याची बरोबर क्रमवारी कोणती?

लावताना: इंजिन खुणेवर उभं करा, इंजिन ब्रेक आणि पार्किंग ब्रेक लावा, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा) न्यूट्रलला, चाकाला लाकडी गुटका. 'केबल जोडलेली आहे' अशी पाटी दोन्ही कॅबमध्ये. गनच्या पिना उजेडात बघा, काळवंडलेली किंवा वितळलेली पिन दिसली तर ती गन बाजूला काढा. गन पूर्ण बसून खटका लागला की चार्जर आणि इंजिन आपापसात बोलतात, इन्सुलेशन तपासतात, हळूहळू व्होल्टेज जुळवतात आणि मगच मुख्य कॉन्टॅक्टर लागतो. यात अर्धा-पाऊण मिनिट जातं. घाई करून गन हलवली की सगळं पहिल्यापासून.

काढताना: आधी 'बंद'. करंट शून्यावर, कॉन्टॅक्टर उघडा, व्होल्टेज ६० च्या खाली, मग खटका सुटतो. खटका सुटत नसेल तर हिसका मारू नका, व्होल्टेज उतरलेला नाही असाच अर्थ घ्या. केबल आकड्यावर टांगून ती रुळापासून मोकळी झाल्याची खात्री केल्यावर पाट्या काढा.

गन इनलेटमध्ये असेपर्यंत ट्रॅक्शन लागूच नये, असा इंटरलॉक तारेने केलेला हवा. नुसत्या सॉफ्टवेअरवर तो सोपवू नका. शिवाय केबलच्या मुळाशी ओढ बसली तर आधी वीज तुटेल आणि नंतर जोड निसटेल, असा तुटजोड ठेवा. इंजिन उभं असलं तरी दुसऱ्या टोकाकडून शंटिंगचा धक्का येऊ शकतो, म्हणून त्या रुळाचा पॉइंट (रूळ बदलायचा सांधा) बंद करून किल्ली चार्जिंग करणाऱ्याकडे द्या.

१२. चार्जिंग सुरू होतं आणि दोन-तीन मिनिटांत बंद पडतं. काय तपासावं?

या क्रमाने जा. पहाटे किंवा पावसातच होत असेल तर इन्सुलेशन: विजेच्या वाहनांचा निकष दर व्होल्टला किमान १०० ओहमचा आहे, म्हणजे ९०० व्होल्टला ९० किलोओहम. इनलेट कोरडं करून पुन्हा मोजा. दुपारीच होत असेल तर तापमान: गनच्या पिनेचा सेन्सर बघा, मग शीतद्रवाची पातळी, मग चिलरची जाळी (प्रश्न ८). वेळेचा काहीच नेम नसेल तर बारीक संदेश-पिना: मोठ्या पिना स्वच्छ असतात आणि या छोट्या पिनेत धूळ अडकलेली असते. आणि शेजारी कारखान्याची मोठी मोटर सुरू होताना बंद पडत असेल, तर दोष चार्जरचा नाही, पुरवठ्याचा व्होल्टेज क्षणभर बसतो आहे.

१३. बॅटरी ४० टक्के दाखवत होती आणि भरल्या रेकखाली इंजिन एकदम बसलं. मीटर खोटा का?

फॉस्फेट सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो. त्यामुळे यंत्रणा करंट मोजत बेरीज-वजाबाकीवर टक्के ठरवते, आणि रोज अर्धवट भरणं चाललं की चूक साठत जाते. आठवड्यातून एकदा, घाई नसताना, हळू दराने १०० टक्के भरा आणि तासभर तसंच राहू द्या. टक्के ताळ्यावर येतात आणि सेल एकमेकांच्या बरोबरीला येतात. हे करूनही फरक राहिला तर एखादा कमजोर सेल शोधावा लागेल.

१४. रूळच निगेटिव्ह म्हणून वापरला तर एक केबल वाचेल का?

करू नका. हजार अँपिअर डीसी रुळात सोडला की तो मिळेल त्या वाटेने परततो: जमिनीतल्या पाइपांतून, शेजारच्या अर्थिंगमधून, ट्रॅक सर्किटमधून (रुळावर गाडी आहे का ते विजेने ओळखणाऱ्या यंत्रणेतून). ट्रॅक सर्किटला रिकामा रूळ व्यापलेला दिसणं हा त्यातला बरा प्रकार. लोखंडाची झीज वेगळीच. डीसीचे दोन्ही ध्रुव जमिनीपासून अलग ठेवा आणि इन्सुलेशनवर सतत नजर ठेवणारं उपकरण लावा. इंजिनाचा सांगाडा मात्र वेगळ्या तारेने अर्थला जोडलेला हवा. चार्जरच्या हार्मोनिक्सचा (विजेतल्या बारीक विकृतींचा) ॲक्सल काउंटरवर (गाडीची चाकं मोजणाऱ्या यंत्रावर) परिणाम होत नाही ना, याची चाचणी सिग्नल विभागासमोर करून घ्या.

१५. आमच्याकडे दोन दिवसांतून एक रेक येतो. चार्जर परवडेल का?

बहुधा नाही. एवढ्या कामाला इंजिनाने बॅटरी भरून आणावी आणि परत जाऊन वायरखाली भरावी. डिझेल-बॅटरी असेल तर लिटरमागे साडेतीन ते चार युनिट मिळतात. डिझेलच्या दराला चारने भागा आणि विजेच्या दराशी ताडून बघा. बॅटरीमुळे खरी बचत होते ती इंजिन नुसतं धडधडत उभं राहणं थांबल्याने. जुनं डिझेल इंजिन आयडलवरही तासाला वीस-पंचवीस लिटर पितं.

उलट बाजूही बघा. फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासारखं गिऱ्हाईक पूर्ण भाराने चाललं तर अंदाजे चार-पाच रेक कोळसा रोज लागतो. अशा ठिकाणी चार्जर रिकामा राहण्याची भीती नाही, इंजिनाला वेळ मिळेल का हीच शंका.

१६. पाकणीसारख्या तेलाच्या डेपोत चार्जर बसवता येईल का?

डेपोच्या धोका-क्षेत्रात नाही. गन काढता-लावताना ठिणगीची शक्यता शून्य धरता येत नाही. चार्जर फाटकाबाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला. अग्निशमन गाडी थेट पोचेल असा रस्ता आणि भरपूर पाणी हवं. पेटलेल्या लिथियम बॅटरीला तासन् तास थंड करावं लागतं, चार सिलिंडरांनी भागत नाही. उच्चदाब जोडणीला विद्युत निरीक्षकांची परवानगी आणि रेल्वे हद्दीतल्या कामाला विभागीय कार्यालयाची मंजुरी, दोन्ही वेगवेगळ्या लागतात.

१७. इंजिन रेकपासून तोडून चार्जरला न्यावं की रेकला जोडलेलं असतानाच भरावं?

जमेल तोवर जोडलेलंच. तोडलं की रेकला हँडब्रेक आणि गुटके लावावे लागतात. हवा गळते. परत जोडल्यावर ब्रेक पाइप ५ आणि फीड पाइप ६ किलोपर्यंत भरून सलगता तपासावी लागते. या सगळ्यात चार्जिंगला लागला तेवढाच वेळ पुन्हा जातो. म्हणून चार्जरची जागा नकाशावर सोयीची दिसेल तिथे ठरवू नका. पूर्ण रेक आत लागल्यावर इंजिनाचं तोंड जिथे येतं, तिथे खूण करा. रेकची लांबी बदलते, त्यामुळे केबलला १५ ते २० मीटर मोकळीक ठेवा, किंवा दोन ठिकाणी जोडणीचे खांब द्या.

टिप्लरवर हे जमत नाही. तिथे रेक डब्याडब्याने पुढे सरकतो. इंजिनच तो ढकलत असेल तर ते एका जागी थांबतच नाही, मग चार्जिंग रेकच्या आधी किंवा नंतर. डबे सरकवायला वेगळा चार्जर आर्म असेल, तर रेक सुरक्षित केल्यावर इंजिन मोकळं होतं आणि तेवढ्या वेळात भरून घेता येतं. या 'चार्जर आर्म'चा विजेच्या चार्जरशी काही संबंध नाही. निविदेत दोन्ही शब्द आले की गोंधळ ठरलेला, म्हणून तिथे 'डबे सरकवणारा आर्म' असं लिहा.